बाहेर काढून वाचलेलं पाणी

पाण्याचं तापमान मोजण्यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. थर्मामीटर बुडवायचा, आकडा वाचायचा, लिहून ठेवायचा. मलाही तसंच वाटायचं. त्याच समजुतीवर मी पदवी मिळवली, नोकरी मिळवली आणि माझ्यापेक्षा चांगलं मोजणाऱ्या एका माणसाची जागा घेतली. आज पन्नाशीत हे लिहितोय ते रडगाणं म्हणून नाही. मला खूप मिळालं, आणि ते ज्यांच्याकडून मिळालं त्यांचं ऋण खरं सांगितल्याशिवाय मानता येत नाही, एवढंच.

माझं काम भाकिताचं आहे. समुद्राचं पाणी असंच तापत गेलं तर तारली कुठं सरकेल, बांगडा कुठल्या महिन्यात किनारा सोडेल, जाळी टाकणाऱ्यांच्या हाती पुढच्या वीस वर्षांत काय लागेल, याचे हिशेब आम्ही काही जण मिळून मांडतो. बाकीचे किनाऱ्यावर असतात, मी औरंगाबादेत. कॉलेजात शिकवतो आणि घरी येऊन समुद्राचे आकडे जुळवत बसतो. गुलमंडीतला माझा नेहमीचा कापडवाला एकदा म्हणाला, "सर, इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि तुम्ही समुंदरची फिकीर करताय?" मी हसलो. पण मला समुद्राकडे ज्या पाण्यानं नेलं ते इथलंच होतं. पैठणच्या धरणाचं.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. फुलंब्रीच्या पलीकडच्या माळांवर वडलांचं अर्धं आयुष्य गेलं. मग वाळूजला कारखाने उभे राहिले, गावातली माणसं एकेक करून तिकडे गेली आणि वडीलही मेंढरं विकून एका कंपनीच्या फाटकावर रखवालदार झाले. आम्ही शहरात दोन खोल्यांत राहायला आलो. पहाटे कोपऱ्यावर कंपन्यांच्या बसगाड्या थांबायच्या, निळ्या कपड्यातली माणसं चढायची, त्यांत वडील असायचे. मी विद्यापीठात प्राणिशास्त्राला गेलो. आमच्या सात पिढ्यांत पोहता येणारा माणूस नव्हता. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकायचा.

आणि तिथं मला शिकवणाऱ्या सरांनी काम दिलं ते धरणाच्या पाण्यावरचं.

सर काळाच्या पुढचे होते, हे आता कळतं. तेव्हा हवामानबदल हा शब्द आमच्या विभागात कुणी वापरत नव्हतं. सर मात्र म्हणायचे, "उन्हाळ्यात पाणी किती तापलं हे नीट माहीत असेल, तर पावसानंतर रोहू-कटला किती मिळेल हे आधी सांगता आलं पाहिजे. मासा बोलत नाही. पाणी बोलतं." त्यांनी आम्हा दोघांना निवडलं. मी, आणि माझ्या वर्गातला एक मित्र.

मित्र दौलताबादच्या पायथ्याच्या गावचा. बौद्ध घरातला. वडील किल्ल्याच्या वाटेवर दगडकाम करायचे. तो शहरात सायकलवर यायचा, आणि चढ असला तरी उतरायचा नाही. मी रविवारी पैठणला जायचो, तो बुधवारी. एसटीनं जायचं, धरणाच्या काठी एका मासेमाराची होडी ठरलेली होती, तिच्यात बसून तीन ठिकाणचं पाणी मोजायचं: काठचं, मधलं आणि खोल भागातलं. शिवाय त्या दिवशी जाळ्यात काय आलं ते लिहायचं.

होडीवाल्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा मला पहिल्या दिवसापासून 'मेंढरंवाले' म्हणायला लागले. मी होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून बसायचो.

"मेंढरंवाले, जरा कडंला सरका की. पाणी चावत नाय."

"इथूनच बरंय मामा."

"तिथून काय मोजता? माझी टोपी?"

सरांचा नियम एकच होता. थर्मामीटरचा पारा पाण्यातच ठेवायचा आणि पाण्यातच वाचायचा. त्यासाठी होडीच्या काठावरून कमरेत वाकून तोंड पाण्याच्या वीतभर वर न्यावं लागे. पहिल्या रविवारी मित्र मला दाखवायला म्हणून सोबत आला होता. तो निम्मा बाहेर लोंबकळून आकडा वाचायचा आणि वर येताना त्याच्या नाकाचं टोक ओलं असायचं. मग म्हणाला, "आता तू. वाक, मी मागून धरतो."

मी वाकलो नाही. म्हटलं, "चष्म्यावर पाणी उडतं. मी माझ्या पद्धतीनं करतो."

चष्म्याचं कारण खोटं होतं. तो मला धरून ठेवील यावर माझा विश्वास बसला नाही, हे खरं. का बसला नाही, याचं उत्तर मी कित्येक वर्षं पाण्याच्या भीतीवर ढकललं. सगळं उत्तर तेवढंच नव्हतं. आमच्या घरात काही गोष्टी बोलल्या जायच्या नाहीत, पण पाळल्या जायच्या. कुणाच्या हाती स्वतःला सोपवायचं आणि कुणाच्या नाही, हे मी न शिकवता शिकलो होतो.

माझी पद्धत अशी: हात लांब करून थर्मामीटर बुडवायचा, मनात शंभर मोजायचे, मग तो बाहेर काढून आकाशाकडे धरायचा आणि आरामात वाचायचा. अक्षर माझं सुरेख. तक्ते नीटनेटके. सर विभागात सगळ्यांना माझी वही दाखवायचे.

वर्षभरानं सरांनी दोघांच्या नोंदी एकाच आलेख-कागदावर मांडल्या. माझे ठिपके निळे, मित्राचे काळे. श्रावण-भाद्रपदात निळे-काळे एकमेकांत मिसळून गेले होते. चैत्र-वैशाखात मात्र काळे वर आणि निळे खाली, जवळपास दोन अंशांचं अंतर. जणू रविवारी पाणी गार असायचं आणि बुधवारी गरम.

सर मित्राला म्हणाले, "उन्हाळ्यात थर्मामीटर उन्हात ठेवत असशील. तापलेला तसाच बुडवत असशील."

"नाही सर. ओल्या फडक्यात ठेवतो."

"मग घाईत वाचत असशील. हल्ली तुझं लक्ष कुठं असतं ते मला दिसतं."

लक्ष कुठं असतं, याचा अर्थ खोलीतल्या तिघांनाही कळला. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा दहा-बारा वर्षं चिघळत होता आणि त्या वर्षी पुन्हा पेटला होता. मित्र मोर्चांना जायचा. लहानपणी आजोळच्या गावात याच प्रश्नावरून जळालेली घरं त्यानं पाहिली होती. त्याबद्दल तो एकदाच, एसटीत, खिडकीबाहेर बघत बोलला आणि पुन्हा कधी बोलला नाही. घोषणा देऊन घसा बसलेला असला तरी त्याचा बुधवार चुकत नसे. बसगाड्या बंद होत्या त्या दिवशी तो सायकल मारत पैठणला गेला आणि परत आला. मी मोर्चाला जात नव्हतो आणि विरोधातल्या पोरांबरोबरही बसत नव्हतो. कँटीनमध्ये दोन्हीकडच्या टेबलांच्या मधे बसायचो आणि त्याला समजूतदारपणा म्हणायचो.

सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि उन्हाळ्यातले काळे ठिपके एकेक करून खोडले. मित्र उभा होता. ठिपके संपेपर्यंत बघत राहिला.

त्याच वैशाखातल्या एका दुपारी मी वडलांचा डबा घेऊन वाळूजला गेलो. फाटकाच्या चौकीला सावलीच्या बाजूनं त्यांची जुनी छागळ टांगलेली असायची. जाड कापडाची पाण्याची पिशवी. मेंढरांमागे फिरताना खांद्यावर असायची तीच. समोरच्या रस्त्यावरून मालमोटारी धूळ उडवत होत्या. वडलांनी छागळीतून पेलाभर पाणी दिलं. दात ठणकले इतकं गार.

मी म्हटलं, "एवढ्या उन्हात हे गार कसं राहतं हो?"

"तुला कॉलेजात हे नाय सांगितलं? कापड ओलं हाय. ओल्याला वारा लागला की गार पडतं."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कशाला पडंल? हवाच ओली. तवा छागळ बिनकामाची."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. ओली काच. उन्हाळ्याचा कोरडा वारा. आकाशाकडे धरून आरामात वाचलेला आकडा. पाणी बरोबर होतं, थर्मामीटर बरोबर होता, मित्र बरोबर होता. मी पाणी मोजलंच नव्हतं. पाण्यातून काढलेली ओली काच वाऱ्यात किती गार पडते, ते मी वर्षभर सुंदर अक्षरात लिहीत होतो.

"काय झालं रं?" वडील म्हणाले. "दात ठणकले व्हय?"

त्यांना काय सांगणार? फाटकावरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझा पोरगा आता समुद्रावर जाणार. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत संशोधन सहायकाची जागा निघाली होती. आमच्या विभागातून एकच नाव जायचं होतं, आणि ते कुणाचं हे त्या आलेखावर ठरायचं होतं.

सोमवारी सांगू, असं मी ठरवलं. सोमवारी सरांच्या दारापर्यंत गेलो. आत ते कुणाला तरी म्हणत होते, "पोरगा साधा आहे, पण नोंदी बघा." मी मागे फिरलो. परत येताना मनात आलेला विचार लिहायला मला आजही जड जातं: त्याला काय, मिळेल दुसरं काहीतरी, त्यांना मिळतंच. ज्यानं मला आपल्या डब्यातली ठेचा-भाकरी कितीदा तरी खायला घातली, त्याच्याबद्दल मी असा विचार केला. आणि त्या विचारानं मला शांत झोप लागली, हे त्याहून वाईट.

माझं नाव गेलं. मी समुद्रावर गेलो.

किनाऱ्यावरची ती वर्षं माझ्या आयुष्यातली श्रीमंत वर्षं. पहाटे बंदरावर टोपल्या उतरताना बघायच्या, कोळणींच्या शिव्या खायच्या, तारलीचं पोट फाडून तिनं काय खाल्लं ते बघायचं, आणि मग पाण्याचे आकडे घेऊन बसायचं. मासा तापमानाला किती जपतो ते तिथं कळलं. अर्धा-एक अंश पाणी तापलं की त्याचं खाणं सरकतं, त्यामागे तो सरकतो, आणि त्याच्यामागे होडी घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हातानं परत येतो. तिथं असतानाच एका थंडीत रेडिओवर ऐकलं की विद्यापीठाला अखेर नवं नाव मिळालं. मित्राला पत्र लिहावं म्हणून कागद घेतला. 'प्रिय' पर्यंत लिहिलं.

पुढं एकदा एका जाणत्या माणसानं आम्हाला जुन्या जहाजांच्या नोंदींबद्दल शिकवलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा समुद्र किती गरम होता हे कळायला त्याच नोंदी आहेत. पण खलाशी पाणी काढायचे ते कापडी बादलीनं. ओल्या कापडाला वारा लागायचा, पाणी डेकवरच गार पडायचं आणि वहीत कमी आकडा जायचा. "म्हणून भाकीत करण्याआधी," ते म्हणाले, "जुन्या माणसानं कसं मोजलं ते विचारा. भूतकाळ गार लिहिला गेला असेल, तर आजची वाढ आहे त्याहून मोठी दिसते."

सगळे बादलीवर हसले. मी वहीत मान घातली. वाटलं, आत्ता उठावं आणि म्हणावं, असा एक खलाशी इथंही बसलाय. उठलो नाही. त्यानंतरही पंधरा-वीस वर्षं उठलो नाही. आईवडील थकले म्हणून औरंगाबादेत परतलो, कॉलेजात लागलो, तरी पैठणच्या रस्त्याला कधी गेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं ठरवलं की समुद्रासाठी केलेली भाकिताची रीत आधी एका लहान पाण्यावर पारखून बघावी. लहान पाणी, जुन्या नोंदी असलेलं. कुणीतरी म्हणालं, "तुमचं धरण आहे की." माझे निळे ठिपके पुन्हा बाहेर निघाले. त्यांच्यापुढे आजचे आकडे मांडले तर रेघ अशी उभी चढली की सगळे खूश झाले. "हे छापलं तर लोक हादरतील," असं एकाचं म्हणणं पडलं. खरंच हादरले असते. धरणावरच्या माणसांना आम्ही सांगितलं असतं की तुमचा रोहू संपणार, दुसरा धंदा बघा. आणि त्या चढाचा निम्मा भाग माझ्या न वाकलेल्या कमरेतून आलेला असता.

एसटीत बसलो आणि मित्राला शोधत पैठणला गेलो.

धरणाच्या काठच्याच एका शाळेत तो मुख्याध्यापक झाला होता, एवढं कानावर होतं. घर विचारत गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मी कोण ते सांगितलं तर तिनं आत बघून हाक मारली, "अहो, ते समुद्रवाले आलेत!"

म्हणजे या घरात मला नाव होतं.

तो बाहेर आला. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. माझ्याकडे बघून म्हणाला, "चष्मा बदललास वाटतं." चहा आला. मी चहा न घेताच सगळं सांगितलं: छागळ, सोमवार, सरांचं दार, जहाजांच्या बादल्या. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. संपलं तेव्हा चहावर साय धरली होती.

"हे मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच उन्हाळ्यात. मामांनी सांगितलं. म्हणाले, तुमचा जोडीदार काच आभाळाला दाखवतो आणि मग वाचतो. मी घरी येऊन माठाजवळ करून पाहिलं. दहा मिनिटांत कळलं."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

आता तो हसला, पण ते हसू मला बघवलं नाही. "काय सांगू? त्या दिवसांत मी म्हटलं असतं की चूक माझी नाही, त्याची आहे, तर सर काय म्हणाले असते? हे लोक सगळीकडं तेच आणतात. मोर्चात तेच, प्रयोगशाळेत तेच. ते तू सांगायचं होतंस. तू सांगितलं असतंस तर ती फक्त थर्मामीटरची गोष्ट झाली असती." त्यानं कप बाजूला सारला. "मी त्या सोमवारी विभागातच होतो. तुला सरांच्या दारापर्यंत जाताना बघितलं. वाटलं, आता सांगतोय."

त्याची बायको मधेच म्हणाली, "ह्यांना समुद्राचं लई वेड होतं. शाळेची सहल कोकणात नेली, तर पोरं लाटांत आन् हे थर्मामीटर घेऊन गुडघाभर पाण्यात. पोलीस विचारायला आला, काय करताय गुरुजी, समुद्राला ताप आलाय का?"

ती हसली, तो हसला आणि माझ्याही डोळ्यांतलं पाणी थोडं ओसरलं.

मग तो आत गेला आणि कपाटातून हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन आला. शाळेत असतात तेच. आडव्या रकान्यांत महिन्याचे दिवस, उभ्या बाजूला मुलांची नावं. फक्त मुलांच्या नावांच्या जागी तीनच विद्यार्थी होते: काठचं पाणी, मधलं पाणी, खोल पाणी. आणि दर रविवारच्या चौकोनात एक आकडा. इथं नोकरीला लागल्यापासून तो दर रविवारी मामांच्या होडीत जात होता. तापलेल्या सुट्ट्या, लग्नसराई, दुष्काळात धरण तळाला गेलेलं ते साल, सगळं त्यात होतं. एखादा रविवार चुकला की चौकोनात 'गै' लिहिलेलं.

"पाणी गैरहजर?" मी विचारलं.

"पाणी कुठं जातंय? मी गैरहजर."

एका पानावर तिघांच्या खाली चौथं नाव होतं. 'समुद्र'. त्याच्यापुढे एकच आकडा. वर्षभरात एकच दिवस हजर.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ते राहू दे. माफीनं आकडा बदलत नाही. दोन कामं कर. सरांकडे जा आणि हेच सांग. मी येणार नाही, एकटा जा. आणि माझे खोडलेले ठिपके परत लाव. त्यानंतर हे पट घेऊन जा, काय भाकीत करायचं ते कर."

सर निवृत्त होऊन जुन्या शहरातल्या एका गल्लीत राहत होते. ऐंशीच्या पुढचे, कान थोडे गेलेले. मला तीच कबुली मोठ्या आवाजात द्यावी लागली. शेजारच्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं, तेव्हा कळलं की सगळं घर ऐकतंय. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोघांना एका होडीत बसवून एकदा मोजायला लावलं असतं तरी मला कळलं असतं. एक दिवसाचं काम. मी ते केलं नाही. मी आलेख बघितलाच नाही रे. मी दोन पोरांकडे बघितलं आणि ठरवलं."

विभागातून शोधून काढलेला तो जुना आलेख-कागद मी सोबत नेला होता. सरांनी चष्मा लावून लाल रेघा बघितल्या. खोडरबर मागितलं. इतक्या वर्षांची पेन्सिल नीट पुसली जात नव्हती, कागद फाटायला आला. शेवटी त्यांनी पेन घेतलं, समासात लिहिलं, 'उन्हाळ्यातील काळ्या नोंदी ग्राह्य. चूक माझी.' आणि सही केली. मी म्हटलं, चूक माझी होती सर. ते म्हणाले, "तुझ्यासाठी जागा ठेवलीय. खाली लिही." मीही लिहिलं.

पण सही करून माझ्या निळ्या नोंदी दुरुस्त होत नव्हत्या. किती दुरुस्त करायच्या ते मोजायला हवं होतं. त्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात, दोन्ही पद्धतींनी. वैशाखातला एक रविवार ठरला. मामा आता सत्तरीचे, पण वल्हं त्यांच्याच हातात. मला बघून त्यांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मेंढरंवाले! समुद्र संपला व्हय?"

"तुमचं धरण बघायला आलो मामा."

"बघा की. औंदा मासा खाली बसलाय. वर लई तापलंय. पयलं ह्या दिवसांत काठाला यायचा, आता येत नाय. तुमी कागदावर काडताय ते मला पायाला कळतं." आणि त्यांनी खरंच एक पाय बाहेर सोडून पाण्यात धरला. "पर तुमी लिवता, ते बरं हाय. माझा पाय माझ्यासंगंच जाईल."

तीनही ठिकाणी आधी माझी जुनी पद्धत केली. बाहेर काढून, आकाशाकडे धरून. मित्रानं आकडा लिहिला. मग सरांची पद्धत. मी म्हटलं, "तू वाच, मी लिहितो."

"गुडघा वाकत नाही माझा. तूच वाच."

मी काठाला सरकलो. होडी कलली, मी फळी घट्ट धरली. मागून शर्ट आणि पट्टा एकत्र मुठीत धरल्याचं जाणवलं.

"वाक," तो म्हणाला. "धरलंय."

मी वाकलो. तोंड पाण्याच्या वीतभर वर आलं. पाण्याला शेवाळ्याचा आणि माशाचा वास होता, आणि त्यात माझा चष्मा लावलेला चेहरा हलत होता. पाऱ्याची रेघ पाण्याखाली स्वच्छ दिसत होती. इतकी वर्षं मी पाण्याबद्दल लिहीत आलो होतो आणि त्याच्या इतक्या जवळ कधी गेलो नव्हतो. मामा मागून म्हणाले, "वाकलं रं वाकलं, मेंढरू पाण्याला आलं!" होडी हसण्यानं हलली, तरी मूठ सुटली नाही.

त्या दिवशीच्या फरकावरून, आणि नंतर आणखी काही रविवारी घेतलेल्या फरकावरून, माझ्या जुन्या नोंदी आम्ही दुरुस्त केल्या. काळे ठिपके जागेवर आले, हजेरीपटांतली सगळी वर्षं मधे भरली. रेघेचा चढ कमी झाला. चढ आहेच, पाणी तापतंय, मासा खाली जातोय, मामांचा पाय खोटं सांगत नाही. पण रोहू संपणार असं आता आम्ही म्हणत नाही. तो कुठल्या महिन्यात किती खोल असेल, जाळं कधी आणि कुठं टाकावं, पावसाआधी किती दिवस धरणाला विसावा द्यावा, एवढं सांगतो. काठावरच्या माणसांना याचा जास्त उपयोग आहे. लोक हादरले नाहीत. कामाला लागले. तीच रीत घेऊन आता आम्ही तारली-बांगड्याच्या जुन्या नोंदी तपासतोय, आणि प्रत्येक नोंदीला पहिला प्रश्न विचारतो: कुणी मोजलं, कसं मोजलं, आणि कुणाचं खोडलं? अहवालावर मित्राचं नाव पहिलं आहे. ते मी दिलं असं मी म्हणणार नाही. ते तिथंच होतं, वर लाल पेन्सिल होती.

वडील हे बघायला राहिले नाहीत. छागळ माझ्याकडे आहे, उन्हाळ्यात गॅलरीत टांगतो.

आता महिन्यातून एक रविवार मी पैठणला जातो. मित्रानं मला पूर्ण माफ केलंय का, मी विचारलेलं नाही आणि त्यानं सांगितलेलं नाही. परवा खोल पाण्यावर मी वाकून आकडा वाचला. त्याची एक मूठ माझ्या पट्ट्यात होती आणि दुसऱ्या हातात पेन, मांडीवर हजेरीपट. त्यानं लगेच लिहिलं नाही.

"परत वाच," म्हणाला.

मी परत वाचलं. तोच आकडा आला. मग त्यानं लिहिला.